हात पुढे करा

दर चार तासांनी मोर्वेन येते.
हात पुढे करा, म्हणते. बोटं पसरा.
मी पसरते. मग ती आणि मी, दोघी मिळून बघतो
ते काय करतात.

शाळेत गीडी मास्तर असंच म्हणायचे,
खणातून चामडी पट्टा काढता काढता.
तेव्हा हात हलले नव्हते.
फ्रेझरबर्गच्या मासळी कारखान्यात सव्वीस वर्षं
हॅडकच्या कण्यावरून सुरी सरकवताना हलले नव्हते.
काटा राहिला तर पैसे कापायचे.
माझे कधी कापले नाहीत,
प्यायलेली असायचे तरी.
खरं सांगायचं तर, प्यायलेली असायचे म्हणूनच.
हे मोर्वेनला सांगितलेलं नाही.
तिच्या तक्त्यात त्याला रकाना नाही.

रकाने आहेत ते असे:
घाम, शून्य ते सात. मळमळ, शून्य ते सात.
अंगावर काही सरपटतंय का?
आज वार कोणता?
तिसऱ्या रात्री मी म्हणाले, हेरिंगचा.
छताला खवलं फुटली होती, ओली,
आणि खाटेच्या पायाशी माझी आई बसली होती,
मी जन्मायच्या आधीच्या वयाची.
बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या,
मिठात कोपरापर्यंत हात,
पिंपं मोजत होती, किती भरली, किती राहिली.
मी हाक मारली. तिनं मान वर केली नाही.
कामात असली की करायचीच नाही.
एवढ्यावरून वाटलं, खरीच आहे.

पहाटेपर्यंत तीनदा चादर बदलली.
पाणी प्यावं तर ते कपाळातून निघून जायचं.

भिंतीपलीकडे इनिस, बावीस वर्षांचा.
त्याचं हेरॉइन. त्याचे पाय रात्रभर सायकल चालवतात,
पलंगाचा पत्रा कुरकुरतो.
कुठवर पोचलास रे? मी विचारते.
पीटरहेड, म्हणतो.
दुसऱ्या दिवशी म्हणाला, अॅबर्डीन दिसतंय.
चौथ्या दिवशी दुपारी
कागदावर सही करून निघून गेला.
सपाता इथेच राहिल्या, पलंगाखाली,
एक सरळ, एक उलटी.
मोर्वेननं त्या पिशवीत भरल्या, पिशवीवर नाव लिहिलं,
आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, हात पुढे करा.

माझ्या मुलानं, फर्गसनं, घर धुंडाळलं.
फोनवर एकेक वाचत गेला:
फ्लशच्या टाकीतली.
साबणाच्या पावडरीच्या खोक्यातली.
बाबांच्या गमबुटातली.
इथे थांबला. मग पुन्हा म्हणाला,
आई, बाबांच्या गमबुटातली.
अकरा झाल्या. सगळ्या मोरीत ओतल्या.
एवढ्याच ना?
एवढ्याच, मी म्हणाले.

बारावी मागच्या अंगणात आहे,
कपड्यांच्या दोरीवर, चिमट्यांच्या पिशवीत.
छोटी, चपटी. व्होडका.
समुद्राकडून वारा सुटला की
लाकडी चिमटे तिच्यावर आपटतात.
पाच दिवस मी ओकले, थरथरले,
आईला भेटून आले, स्वतःचं नाव चुकले,
आणि पाचही दिवस तो आवाज चुकला नाही.
गोळीच्या खाली, झोपेच्या खाली
टक, टक.
माझं घर माझी वाट बघत होतं असं नाही.
तीच बघत होती.

आज सकाळी हात पुढे केले.
हलले, पण कमी. डावा जास्त.
मोर्वेननं दोनचा आकडा मांडला आणि वळली.
मी हात तसेच ठेवले.
अजून काही हवंय का?
म्हटलं, फोन लावून दे, माझ्यानं आकडे दाबवत नाहीत.

रिंग वाजत राहिली.
बोटीवर गेला असेल. झोपला असेल.
किंवा वॉर्डचा नंबर बघून तसाच बसला असेल.
मग मशीन म्हणालं, निरोप ठेवा.

मी म्हणाले, चिमटे.
पुढे बराच वेळ काही सुचेना.
मोर्वेन खिडकीची पट्टी उगाचच पुसत उभी.
मग म्हणाले, फर्गस,
मागची चिमट्यांची पिशवी आत घे.
जड लागेल.